डबा रिकामा परत करायचा नाही

मला टीबी झालाय हे मला कळायच्या आधी आमच्या गल्लीला कळलं होतं. दिवाळीच्या ब्लाउजांची घाई होती. मशीनवर बसलं की पाठ भरून यायची, संध्याकाळी अंग कोमट व्हायचं आणि खोकला काही केल्या जाईना. मी म्हणायचे, कापडाच्या धुळीनं होतंय. समोरच्या काकी उंबऱ्यावरून म्हणायच्या, "विद्या, तुझा खोकला मला काय बरा वाटत न्हाई गं." मी ओवा चावत हुक लावत बसायचे. शिवणकाम करणाऱ्या बाईला दिवाळीत मरायलासुद्धा सवड नसते.

मी मूळची साताऱ्याची, लग्न होऊन आष्ट्याला आलेली. नवरा फौजेत, तेव्हा राजस्थानात होता. घरात मी, पहिलीत जाणारी माझी सानू आणि सासूबाई. सासूबाईंना सगळी गल्ली आक्का म्हणते, म्हणून मीही आक्काच म्हणत आले. त्या मात्र मला नावानं कधी हाक मारत नसत. 'सातारकरीण' म्हणायच्या. आमटीत मीठ कमी पडलं की त्याचं 'सातारकरीणबाई' व्हायचं. आमचं कधी कडाक्याचं भांडण झालं नाही, पण पटलंही नाही. एका घरात दोन घड्याळं असावीत आणि दोन्ही आपापली वेळ दाखवत राहावीत, तसं चाललं होतं.

तपासणी

थुंकीत रक्त दिसलं तेव्हा सांगलीकडच्या सरकारी दवाखान्यात गेले. तपासण्या झाल्या. डॉक्टरीणबाई माझ्याहून लहान होत्या. कागद बघून म्हणाल्या, "साधा टीबी नाही. नेहमीची औषधं याच्यावर चालत नाहीत. वेगळी देऊ. वेळ लागेल, त्रास होईल, पण बरा होतो."

त्यातलं 'बरा होतो' मला ऐकूच आलं नाही. मी विचारलं, "माझी पोरगी माझ्या ताटात जेवते. तिला झाला असेल का?"

सानूची ती खोड जन्मापासूनची. वेगळं ताट वाढलं की तिचं पोट दुखायचं. माझ्याच ताटातला, माझ्याच हातचा घास लागायचा. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ताटातून काही होत नाही. खोकल्यातून, हवेतून होतो. एका कोंदट खोलीत शेजारी झोपण्यातून होतो. आमचं घर दोन खोल्यांचं, खिडकी एक, तीही गल्लीकडे उघडणारी म्हणून कायम लावलेली. अंथरूण एकच. मला त्या दिवशी मरणाची भीती वाटली नाही, सानूची वाटली. पुढचं सगळं मी एकाच गोष्टीसाठी सोसलं, की एक दिवस तिला परत माझ्या ताटात घ्यायचं.

मला तिथंच दाखल करून घेतलं आणि घरातल्या सगळ्यांची तपासणी करायला सांगितलं. सानूला आक्का घेऊन गेल्या. सानूचं सगळं चांगलं निघालं. आक्का स्वतः मात्र एक्सरेच्या खोलीबाहेर बाकड्यावर बसून राहिल्या. "आवं आक्का, तुमचाही काढायचाय," असं मी फोनवर म्हटलं, तर म्हणाल्या, "माझा फोटू काढून काय सोयरिकीला दावायचा हाय? मला काय धाड भरलीया?"

मी हसले. त्या दिवसांत मला हसू आलेली ती एकच गोष्ट होती.

वॉर्ड

त्या वॉर्डाची दारं-खिडक्या कधी लावत नाहीत. हवा खेळती राहायला हवी. हिवाळ्याचे दिवस, पहाटे वारा असा यायचा की दोन घोंगड्या पुरायच्या नाहीत. सकाळी सिस्टर यायच्या आणि त्यांच्यादेखत मूठभर गोळ्या गिळायच्या. त्यानंतर तासभर पोटात जे व्हायचं ते सांगण्यासारखं नाही. तळपायांची आग, कानात सारखी शिट्टी, आणि हळूहळू अंगाचा रंग असा काळवंडला की आरशात बघायचं मी सोडून दिलं. रोज दोन उकडलेली अंडी मिळायची. मला वासानंच उमासे यायचे. आक्का फोनवर एवढंच म्हणायच्या, "अंडं खा. रिकाम्या पोटाला औषध फाडून खातंय."

शेजारच्या खाटेवर कवठे महांकाळची एक बाई होती. बेदाण्याच्या शेडवर कामाला जायची. स्वभावानं बडबडी. तिनंच मला गोळ्या ताकाबरोबर नाही, थोड्या थोड्या पाण्यानं घ्यायच्या, हे शिकवलं. तिच्या घरून कुणी येत नसे. एकदाच भाऊ आला, दारातून बोलला आणि गेला. ती वारली तेव्हा तो परत आला. तिची ताटली, तांब्या, पेला तिथंच खाटेखाली ठेवून गेला. सफाईवाल्या मावशीनं ते पोत्यात भरून नेलं. त्यानंतर मला जेवताना ताटलीकडे बघवेना. माणूस गेलं की रडतात, ते मला माहीत होतं. पण त्याचं भांडं कुणी घरात घेत नाही, हे तिथं कळलं.

कापडं परत

मी वॉर्डात होते तोवर गल्लीतल्या बायका आक्कांकडे आल्या. लय गोड बोलल्या. "विद्याला सावकाश बरं होऊ द्या, घाई न्हाई. तेवढं आमचं कापड द्या." एकीचं तर अर्धं बेतलेलं होतं, तेही घेऊन गेली. आक्कांनी गठ्ठा दारात आणून टाकला आणि म्हणाल्या, "घ्या निवडून. कापडाला खोकला आलेला न्हाई."

साताऱ्याहून भावाचा फोन आला. म्हणाला, "ताई, इकडं ये, हवा चांगली आहे." दोन दिवसांनी परत फोन आला. म्हणाला, "पोराचं दहावीचं वर्ष आहे गं." आता दहावीचं वर्ष असलं की आमच्याकडे देवालाही घरात मोठ्यानं बोलायची सोय नसते, तर बहिणीची काय कथा. मी म्हटलं, बरं. फोन ठेवल्यावर मात्र खूप रडले. माहेर असं एका वाक्यात संपलं.

वॉर्डातून सोडायची वेळ झाली तेव्हा डॉक्टरीणबाई म्हणाल्या, खिडकी उघडी ठेवून वेगळ्या खोलीत राहिलात तरी चालेल. वेगळी खोली आणायची कुठून? आक्कांनीच ठरवलं. आमचा ऊस नुकताच तुटून गेला होता. मळ्यात विहिरीजवळ मोटारीची खोली आहे, तिला पत्रा चांगला आहे, दोन बाजूंनी झरोके आहेत. त्यांनी ती शेणानं सारवून घेतली, खाट टाकली आणि माझ्या नवऱ्याला फोनवर सांगितलं, "तुझी बायकू मळ्यात ऱ्हाईल. पोरगी माझ्याजवळ. रिपोर्ट चांगलं आलं की घरात." थुंकीचे दोन रिपोर्ट लागोपाठ चांगले यायला हवे होते.

जित्ती हायस का?

बांधावर एक चिंच आहे. तिच्या खालच्या फांदीला आक्का डबा अडकवायच्या. स्टीलचा, कडीचा. ऊस तुटलेला, त्यामुळं रान मोकळं. पार रस्त्यापासून त्या येताना दिसायच्या. चिंचेखाली उभ्या राहून हाक मारायच्या, "काय गं सातारकरीण, जित्ती हायस का?"

मी खोलीच्या दारातून ओरडायचे, "हाय की, आक्का."

"मग गिळून घे. भाकरी निवतीया."

आमचं रोजचं बोलणं एवढंच. आदल्या दिवसाचा डबा धुऊन मी त्या यायच्या आधीच फांदीला अडकवून ठेवायचे आणि त्या गेल्यावर भरलेला घ्यायचे.

पहिल्याच दिवशी डबा धुतला आणि हात थबकला. आमच्यात कुणाचं भांडं रिकामं परत देत नाहीत. काही नसलं तर चिमूटभर साखर घालतात. माझ्याकडे साखर नव्हती. शिवाय माझ्या हातचं कुणी खाईल का, हाही प्रश्न. विहिरीच्या काठावर पांगारा फुलला होता. त्याचं एक लाल फूल आत ठेवलं.

दुसऱ्या दिवशी चिंचेखालून हाक आली, "फूल कशाला घातलंस गं? पोरगी आता रोज डबा उघडून बघणार."

आणि खरंच तसंच झालं. सानू शाळेतून आली की आधी डब्याची कडी काढायची. "आईनं काय पाठवलंय?" व्हिडिओ कॉल करायचो आम्ही, पण पहिलीतल्या पोराचा कॉल म्हणजे पाच मिनिटं पंखा, दोन मिनिटं कान आणि मग टाटा. डब्याचं तसं नव्हतं. डब्यासाठी मला रोज काहीतरी शोधावं लागायचं आणि शोधायचं तर खाटेवरून उठावं लागायचं. तळपायाची आग होत असतानाही मी बांधाबांधानं फिरायला लागले. सुगरणीचं गळून पडलेलं घरटं पाठवलं. साळुंकीचं पीस, गोगलगाईचा शंख, सापाची कात पाठवली. त्या कातीवरून आक्कांनी मला चिंचेखालून जे सुनावलं ते इथं लिहीत नाही. टिटवीनं ढेकळात अंडी घातली, ती पाठवण्यासारखी नव्हती, म्हणून तसेच चार खडे वेचून पाठवले आणि सानूला फोनवर सांगितलं, यातलं खरं अंडं ओळख.

चैत्रात चिंचेला चिगूर फुटला. तो कोवळा पाला मी डबाभर खुडून दिला. दुसऱ्या दिवशी डब्यात चिगराची आमटी. माझ्या हातानं खुडलेलं माझ्या घरात शिजलं होतं आणि सगळ्यांनी खाल्लं होतं. मी खोलीच्या उंबऱ्यावर बसून ती आमटी प्यायले आणि पोटभर रडले. आक्का म्हणाल्या, "पाला निवडून दिला असतास तर काय हात झिजलं असतं?"

एकटेपणावर उपाय विचारतात लोक. मला एवढंच सांगता येईल की रोज कुणालातरी काहीतरी द्यायचं आहे, हे डोक्यात असलं की माणूस वेडं होत नाही.

ऊस वाढला

एक रिपोर्ट चांगला आला. पुढचा बिघडला. गोळ्या बदलल्या, पहिल्यापासून मोजणी सुरू. तोवर तुटलेल्या उसाचा खोडवा फुटून डोक्याच्या वर गेला होता. ज्यांनी वाढलेला ऊस आतून बघितला नसेल त्यांना कळायचं नाही. रस्ता दिसेना, चिंच दिसेना, चारी बाजूंनी नुसती हिरवी भिंत आणि पात्यांची सळसळ. आता आक्का दिसायच्या नाहीत, नुसती हाक यायची.

मग हाकही बंद झाली.

आधी वाटलं, वारा आहे. मग वाटलं, विसरल्या असतील. डबा वेळेवर फांदीला असायचा, भाकरी तीच, जाड काठाची. पण 'जित्ती हायस का' नाही. मी इकडून ओरडायचे, "आक्का, आलासा का?" उत्तर नाही. एकदा धावत गेले तर त्या पाठमोऱ्या रस्त्याला लागलेल्या दिसल्या. मागं वळून मला बघितलं, पदर तोंडाला लावला आणि पावलं उचलली.

मला वाटलं, कंटाळल्या. किळस आली. एवढे महिने निभावलं, आता त्यांनाही गल्लीची हवा लागली. त्यांना बोल लावायचं काही कारण नव्हतं, तरी मनातल्या मनात भरपूर लावले. डब्यात मात्र घालत राहिले. मृगाचे मखमली किडे काड्यापेटीत घालून पाठवले, जांभळं पाठवली. सानू फोनवर म्हणायची, "आजी अंगणात झोपते. मी काकीकडं झोपते. काकी घोरते." मी म्हटलं, उकडत असेल.

चिंचेखाली

नव्या मोजणीतला पहिला रिपोर्ट चांगला आला, मग लागोपाठचा दुसराही. डॉक्टरीणबाईंनी फोनवर सांगितलं, "आता घरी जा. गोळ्या चालू ठेवायच्या, पण मुलीला जवळ घ्यायला हरकत नाही." मी कुणालाच सांगितलं नाही. आक्का डबा घेऊन येतील तेव्हा चिंचेखाली समोरासमोर उभं राहायचं आणि म्हणायचं, जित्ती हाय, चला घरी. उसाच्या कडेला बसून राहिले.

आक्का आल्या. मी ओळखलंच नाही. अंगावरचं सगळं मांस उतरलेलं, चोळीच्या बाह्या लोंबत होत्या. मी शिवलेली चोळी, माप मला पाठ होतं. त्यांनी डबा फांदीला अडकवला, बांधावर बसल्या, पदराचा बोळा केला, तोंडात कोंबला आणि खोकायला लागल्या. आवाज न करता. सगळं अंग हलत होतं आणि आवाज नव्हता.

मी समोर गेले. त्या दचकल्या आणि पहिलं वाक्य काय, तर "लांब सर."

"कवापासनं, आक्का?"

"आंबं पाडाला लागलं हुतं तवापासनं."

"सांगितलं का न्हाई?"

"मिश्रीचा खोकला असंल म्हटलं." मग जरा दम घेऊन म्हणाल्या, "आन् सांगून काय? दोघी हितं येऊन बसलो असतो. पोरीला भाकरी कुणी घातली असती? तुझा डबा कुणी आणला असता? त्या काकीनं? ती गल्लीच्या कोपऱ्यापतुर आली नसती."

"म्हणून हाक मारायचं सोडलंत?"

"हाक मारली की ढास लागती. ऐकू गेली असती तुला."

मी तिथंच ढेकळात बसले. मला सगळी अक्कल डॉक्टरांनी दिली होती, ती मी वॉर्डात असताना आक्कांना फोनवर दिली होती, आणि त्यांनी ती नीट ऐकलीही होती. पोरीला काकींकडं झोपायला धाडलं, स्वतः अंगणात झोपल्या, तोंडाला पदर लावला. दवाखान्यात जाणं तेवढं केलं नाही.

तोच वॉर्ड

मी घरी आले आणि त्या वॉर्डात गेल्या. सानूची तपासणी परत केली, चांगली निघाली. आक्कांची छाती मात्र पार पोखरली होती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "फार उशीर केला," आणि औषधं सुरू केली.

मी आष्ट्याहून एसटीनं रोज डबा न्यायचे. नवऱ्याला रजा मिळाली, तो रात्री थांबायचा, दिवसा मी. तोंडाला मास्क बांधून खाटेजवळ बसायचे. पहिल्या दिवशी दारातूनच म्हटलं, "काय आक्का, हायसा न्हवं?" त्यांनी डोळे उघडले. "हाय की सातारकरीण. तुझ्या हातची आमटी खाऊन जगलो तर."

डब्याबरोबर मी मळ्यातलं काहीतरी न्यायचे. त्या विचारायच्या, ऊस केवढा झाला. मी उसाचं पातं पिशवीत दुमडून नेलं, सिस्टर रागावल्या. आक्कांनी पात्यावरून बोट फिरवलं, म्हणाल्या, "कांड्या चांगल्या धरतील."

निघताना त्या रिकामा डबा हातात धरून बसायच्या, सोडायच्याच नाहीत. "ह्या वार्डात झाडाचं पान न्हाई गं. काय घालू ह्यात?" मग सकाळी मिळालेलं एक अंडं कागदात गुंडाळून आत ठेवायच्या. "तुझ्या गोळ्या अजून हाईत. खा." मी म्हणायचे, तुम्ही खा. त्या म्हणायच्या, "मला फाडायला आत काय उरलंय?"

ती अंडी मी एसटीतच खाऊन टाकायचे. घरी आणत नव्हते. डॉक्टरांनी परवानगी दिली तरी मी सानूला माझ्या ताटात घेतलं नव्हतं. माझ्या ताटाला मागून नेलपॉलिशचा ठिपका होता, ते वेगळंच ठेवत होते. ती शेजारी बसायची, घासाला तोंड उघडायची, आणि मी तिचं ताट तिच्याकडे सरकवायचे. भीती रिपोर्टनं जात नाही.

हे सगळं लिहिलं ते एवढ्यासाठी की तुमच्या घरात कुणी आजारी असेल, तर त्याची विचारपूस चार माणसं करतील. डबा आणणाऱ्या माणसाची कुणी करत नाही. त्याच्या तोंडावरचा पदर बाजूला करून बघा.

सुतक

आक्का भादव्यात गेल्या. मी वॉर्डात पोचायच्या आत. सिस्टरनं त्यांचं लुगडं, चष्मा आणि आदल्या दिवशी उशाशी राहिलेला डबा पिशवीत घालून दिला. नवऱ्यानं पिशवी घेतली आणि माझ्याकडे बघितलं. तो त्या कवठे महांकाळच्या बाईला ओळखत नव्हता. मी म्हटलं, "सगळं घरी न्यायचं."

सगळं उरकून गल्लीतली माणसं पांगली. काकींनी पिठलं-भात आणून दिला. मी भिंतीला टेकून बसले होते. सानूनं पिशवीतनं डबा काढला आणि कडीशी झटायला लागली.

"आजीनं काय पाठवलंय?"

मी तिला अडवलं नाही. डबा उघडला. आत कागदात गुंडाळलेलं अंडं होतं.

काकी दारातून म्हणाल्या, "अगं, टाक ते लांब. सुतकात अंडं खात्यात व्हय? आन् तेबी दवाखान्यातलं."

मी उठले. ठिपक्याचं माझं ताट काढलं. अंडं सोललं, मशीनवरचा दोरा तोडून घेतला आणि मधोमध कापून दोन फोडी ताटात ठेवल्या. सानूनं ताटाकडे बघितलं, मग माझ्याकडे. हात पुढे केला नाही. इतक्या महिन्यांत तिलाही सवय झाली होती.

"खा," मी म्हणाले, आणि माझ्या हातानं तिला भरवलं. उरलेली फोड मी खाल्ली आणि गोळ्या घेतल्या.

मग मोरीत बसून डबा घासला. पुसून कोरडा केला. दारातल्या कढीपत्त्याच्या चार डहाळ्या तोडून आत घातल्या, झाकण दाबलं, कडी लावली. आणि पायात चपला घालून उंबऱ्यापर्यंत आल्यावर माझ्या लक्षात आलं की आता हा डबा परत द्यायला कुणी नाही.